पंखा हळू केल्यावर

रघू शिवलकर मासेमारीच्या होडीवर तांडेल होते, म्हणजे होडी त्यांच्या हुकमावर चालायची. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय हळूहळू सुधारले, वाचा मात्र गेली ती गेलीच. ओठ हलायचे आणि फार तर श्वासासारखं काहीतरी बाहेर यायचं.

मुंबईची मृणाली बोलण्याचे उपचार करायची. व्हिडिओ कॉलवर ती त्यांचा सराव घेई. फोनच्या पडद्यावर तिचे ओठ नीट दिसत नसत, म्हणून पूर्वी नावाची त्यांची मुलगी त्यांना भाट्ये गावातल्या घरी आपल्या कॉम्प्युटरसमोर बसवी. त्याच कॉम्प्युटरवर ती लग्नपत्रिका आणि बॅनरची डिझाइनं करायची. त्याचा पंखा सारखा घरघरत असे. सवयीने तिला आता तो ऐकूही येत नव्हता.

"काका, 'मा' म्हणा," मृणाली सांगे. रघू ओठ मिटून उघडत. "पुन्हा. मला काही ऐकू आलं नाही." कित्येक आठवडे गाडी 'मा'च्या पुढे जाईना. एके दिवशी रघूंनी टेबलावर हात आपटला आणि ते उठून गेले.

"रागावू नका त्यांच्यावर," मृणाली म्हणाली. "पूर्वी, तुमच्याकडे ते काय वाजतं?"

"कॉम्प्युटरचा पंखा. कानाला माइक लावला तर बाबा ओढून काढतात, म्हणून तो टेबलावरच असतो."

"कॉलवर मागचा गोंगाट आपोआप कापला जातो. त्यासोबत काकांचा बारीक आवाजही जात असेल."

पूर्वीने त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. पंखा कायम पूर्ण वेगावर ठेवलेला होता. तिने तो अगदी कमी केला. खोली एकदम शांत झाली, तेव्हा तिला बरं वाटलं.

पुढच्या कॉलला रघू बसले, ओठ मिटले, आणि पडदा काळा झाला. आतला प्रोसेसर तापून कॉम्प्युटर बंद पडला होता. रघू काळ्या पडद्याकडे बघत राहिले. मग उठून ओटीवर गेले.

"आता नाय बसायचे ते," आई गुणवंती म्हणाली. "बळं करू नको."

पूर्वीने कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धूळ आणि खाऱ्या हवेचा चिकट थर बसला होता. तिने तो कोरड्या ब्रशने काढला, उष्णता वाहून नेणारी जुनी, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. मग पंख्याची गती पुन्हा ठरवली: कॉम्प्युटर थंड असेपर्यंत पंखा हळू, तापला की बेताबेताने जलद. डिझाइनची सगळी कामं बंद करून तिने व्हिडिओ लावून बघितला. पंख्याचा आवाज कान देऊन ऐकावा तेवढाच राहिला, आणि कॉम्प्युटर तापला नाही.

ती ओटीवर गेली. "बाबा, मला वाटतं चुकत तुमचं नव्हतं. एकदा बसून बघा."

रघू बऱ्याच वेळाने उठले.

कॉलवर त्यांनी ओठ मिटले आणि उघडले. मृणाली पडद्याजवळ सरकली. "पुन्हा म्हणा, काका," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा म्हटलं.

"स्वच्छ 'मा' आहे हा. कधीपासून येतोय?"

दारात उभी असलेली गुणवंती म्हणाली, "केव्हापासूनच म्हणतायत. मी जवळ बसते ना, मला ऐकू येतं."

"मग बोलली का नाहीस, आई?"

"मला वाटलं, बाईंना याच्याहून मोठ्याने पायजे."

मृणालीने पडद्यावर हात जोडले. "काका, तुम्हाला येत होतं आणि मी तुम्हाला तिथेच अडकवून ठेवलं. माफ करा."

रघूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही. हाताने त्यांनी 'पुढे' अशी खूण केली.

त्या दिवशी 'मासा'पर्यंत मजल गेली, त्यातला 'सा' अर्धाच उमटला. गणपतीपर्यंत ते सुटे शब्द बोलू लागले. नाटे गावाहून त्यांचा जुना खलाशी सदू भेटायला आला, तेव्हा त्याने खुर्ची ओढली, पण न बसता वाकून कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"बस," रघू म्हणाले.

सदू बसला. गुणवंती चहा ठेवायला आत गेली.