चौदा नंबरची लाइन

विल्मारची जीभ जरा लांबच होती. मोंतेविदेओत वीज नियंत्रण कक्षात बत्तीस वर्षं काढल्यावर माणसाला वाटायला लागतं की देशातले दिवे आपल्याच खिशात आहेत. त्याचा थोरला भाऊ रुबेन घरी ऑक्सिजनच्या मशिनवर होता. अशा घरांसाठी मुख्य इंजिनीअर सुल्माने एक अर्ज काढला होता. तो भरला की तुटीच्या वेळी त्या घराची लाइन सगळ्यात शेवटी कापायची. विल्मार सगळ्यांदेखत हसला होता.

"नाचवा कागदी घोडे, इंजिनीअरबाई! माझा भाऊ कशाला अर्ज करील? बटणावर मी बसलोय."

एवढ्यावर थांबला असता तर विल्मार कसला! भावाच्या घरी जाऊन त्याने, वीज गेली तर असावा म्हणून ठेवलेला ऑक्सिजनचा भाड्याचा जादा सिलिंडरही परत करायला लावला.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी दक्षिणेकडून पाम्पेरो हा तुफानी वारा सुटला. वारा पडला की विजेच्या पवनचक्क्या थांबतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण पाम्पेरो माजला की पवनचक्क्या स्वतःच ब्रेक लावून बसतात, आणि त्या दिवशी पाच मिनिटांत निम्म्या बसल्या. धरणं आधीच पुऱ्या जोरात चालू होती. गॅसचं केंद्र सुरू व्हायला चाळीस मिनिटं लागणार होती. पडद्यावरचा विजेच्या फ्रिक्वेन्सीचा आकडा पन्नासवरून घसरत एकोणपन्नासच्या खाली आला. आणखी घसरला असता तर इस्पितळांसकट अख्खा देश अंधारात गेला असता.

"कापा," सुल्मा म्हणाली. "यादीप्रमाणे."

तेरा लाइनी त्याने पटापट कापल्या. चौदावर बोट अडलं. ती रुबेनच्या वस्तीची होती.

"ही सोडतो. पुढची कापतो."

"पुढच्या सगळ्यांवर मशिनं आहेत. पंधरावर सात माणसं आहेत."

"चौदावर रुबेन आहे हो, बाई!"

"माझ्याकडे त्याचा कागद नाही." तिने येर्बाच्या कडू चहाच्या पेल्यातली नळी तोंडातून काढली. "आणि बटणावर तुम्ही बसलाय ना, विल्मार?"

आकडा आणखी खाली गेला. त्याने बटण दाबलं. आकडा थांबला, मग हळूहळू वर सरकू लागला. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. विल्मारला त्याचा गळा धरावासा वाटला.

फोन वाजला. देल्मिरावहिनी होती.

"भावजी, लाइट गेली हो."

"अँब्युलन्स बोलवा, वहिनी!"

"बोलावली. रस्त्यात झाडं पडलीत, तास लागेल म्हणतात. पण हे घाबरले नाहीत बघा. मलाच गप्प करतायत. म्हणतात, विल्मार बसलाय तिथं, आत्ता लावेल." तिच्या मागे रुबेनची धाप ऐकू येत होती. "लावाल ना, भावजी?"

गॅसला अजून छत्तीस मिनिटं होती.

"लावतो," विल्मार म्हणाला. "सांगा त्याला."

फोन त्याने खाली ठेवला नाही, कानाशी धरून बसला. गॅसचं केंद्र चालू झालं तेव्हा सगळ्यात आधी त्याने चौदा नंबर जोडला. फोनमधून मशिन सुरू झाल्याची घरघर आली. दुसरा कुठलाच आवाज आला नाही.