उस्तादांचे हात

नवी गाडी चालवून चाखायची ती जुने टेस्ट ड्रायव्हर कुरामोची उस्तादांनीच, असा त्या जपानी कंपनीच्या टेस्ट ट्रॅकवरचा कायदा होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची टाप नव्हती. आणि उस्तादांनी चाखायच्या आधी कोणी चव सांगायची नाही. इंजिनिअर लोक आपापली फेरी मारून आले की तोंडाला कुलूप. मग उस्ताद फेरी मारणार, हातमोजे काढणार, शेडमधल्या रॉकेलच्या शेगडीजवळ बसणार आणि म्हणणार, "मागचा भाग नाचतोय. दहापैकी सहा गुण." झालं! त्या एका वाक्यावर सगळी कंपनी पुन्हा कामाला. यंत्रांचे आलेख काही वेगळं म्हणाले तर यंत्र तपासायला पाठवायचे, उस्तादांना नाही.

नव्या गाडीचं स्टिअरिंग आणि सस्पेन्शन हिसानागा या तरुण इंजिनिअरकडे होतं. चार दारांची आटोपशीर गाडी, आठवडाभर साहेबानं ऑफिसला न्यावी आणि रविवारी घाटात पळवावी अशी. जर्मनांच्या तोंडचं पाणी पळवायचं म्हणून कंपनी हट्टाला पेटली होती. पुढचं आणि मागचं वजन सारखं व्हावं यासाठी इंजिन पुढच्या चाकांच्या आसामागे ढकललेलं, बॅटरीसुद्धा डिकीत नेलेली. त्यापायी आत बसणाऱ्याचे गुडघे अडकायला लागले, तेव्हा बॉडीवाल्यांनी काय काय शिव्या घातल्या ते सांगायला नको.

हिसानागा उस्तादांचा शब्द खाली पडू देत नसे. त्याच्या लग्नात मध्यस्थाच्या मानाच्या जागी उस्ताद आणि त्यांची बायको कियोए बसले होते. बायकोशी, चिनात्सुशी, भांडण झालं की निवाडाही त्यांच्याच घरी व्हायचा, आणि तो दर वेळी चिनात्सुच्या बाजूनं लागायचा.

त्या हिवाळ्यात उस्ताद एकच धोशा लावून बसले होते. "स्टिअरिंग अजून जड कर." केलं. "अजून." पॉवर स्टिअरिंगची मदत कमी करत करत हिसानागा अशा थराला आला, की चार फेऱ्या मारल्या की त्याचे दंड भरून यायचे. शेडमध्ये सगळे खूष. उस्तादांना यंदा खरी मर्दानी गाडी हवीय, म्हणायचे. हिसानागाही तेच म्हणायचा.

मग एका दुपारी उस्तादांनी शेगडीवरची किटली उचलली.

तिची मूठ कलंडून तापलेल्या पोटाला टेकली होती. फडक्याशिवाय हात लावायची सोय नव्हती, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. उस्तादांनी उघड्या हातानं ती धरली, सगळ्यांचे कप भरले, कोणाची तरी टिंगल केली आणि सावकाश किटली खाली ठेवली. सगळे हसत होते. शेजारी बसलेल्या हिसानागाला तेवढा त्यांचा तळवा दिसला. त्यावर पांढरा पट्टा उठला होता आणि बघता बघता लाल होत होता. उस्तादांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग हाताकडे, आणि मूठ मिटली.

"चल, गाडीत बसू," ते म्हणाले.

दार लागताच हिसानागानं विचारलं, "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. साखर रे, दुसरं काय. बोटं तर गेलीच. आता मनगटापर्यंत आलंय."

"मग गुण कसे देता, उस्ताद?"

"जड असलं की खांद्यापर्यंत काहीतरी पोचतं. म्हणून तर तुझ्या मागे लागलोय, गाढवा!"

म्हणजे सबंध हिवाळा हिसानागा मेलेल्या हातांसाठी गाडी बनवत होता.

"मुरोओकासाहेबांना सांगायला हवं," हिसानागा म्हणाला. नव्या गाडीचा सगळा कारभार त्या साहेबांच्या हाती होता.

"सांग की. जा, सांग! उद्या गेटवर बसवतील मला, येणाऱ्या ट्रकना सलाम ठोकायला." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ही शेवटची गाडी. हिच्यावर माझं नाव लागू दे, मग मी स्वतः जाऊन सांगतो. तोवर तू माझे हात हो. माझ्या आधी फेरी मारून ये आणि दाराशी हळूच सांग, कुठे काय जाणवलं ते. एवढं कर, पोरा."

आणि उस्तादांनी त्याच्यापुढे मान वाकवली. कंपनीच्या अध्यक्षांपुढेही ती जेमतेम वाकायची.

"अहो, असं नका करू," हिसानागा गडबडून म्हणाला. "सांगेन. प्रत्येक वेळी सांगेन."

आणि त्यानं सांगितलंही. रोज किल्ली द्यायला तो दारापर्यंत जायचा, दोन वाक्यं पुटपुटायचा, आणि उस्ताद तीच वाक्यं तासाभरानं शेगडीजवळ रुबाबात बोलून दाखवायचे. स्टिअरिंग हळूहळू माणसात आलं. गाडी खरंच देखणी चालू लागली. चोरी पचतेय, असं दोघांनाही वाटायला लागलं होतं.

अखेरच्या पसंतीच्या दिवशी सकाळी खुद्द मुरोओकासाहेब लवाजमा घेऊन डोंगर चढून आले. थंडी मी म्हणत होती, पण ऊन पडलं होतं. हिसानागा फेरीला गेला. देवदारांच्या दाट सावलीतल्या वळणावर स्टिअरिंग त्याच्या हातात क्षणभर पोकळ झालं, जणू चाकं खाली नाहीतच. रस्त्यावर काचेसारखा बर्फ धरला होता. त्याचा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून वर आला. कोणाचाही आला असता, बोटांत जीव असलेल्या कोणाचाही.

हे सांगायचं, एवढंच घोकत तो परतला. पण गाडीतून उतरतो न उतरतो तोच साहेबांनी त्याच्या हातातली किल्ली घेतली आणि उस्तादांच्या खांद्यावर हात टाकून ते गाडीकडे निघाले. मागून दहा-बारा माणसं.

"काय हिसानागा, चेहरा का पडलाय? काही राहिलंय का गाडीत?" साहेबांनी विचारलं.

हीच वेळ होती. देवदारांच्या वळणावर बर्फ आहे, एवढंच तर बोलायचं होतं! पण एवढ्या सगळ्यांसमोर? उस्तादांना बर्फ सांगावा लागतो? ज्यांना टायरखालची काडी कळते त्यांना? साहेब काही दुधखुळे नव्हते. त्यांची नजर लगेच उस्तादांच्या हातांकडे गेली असती.

"नाही, साहेब," हिसानागा म्हणाला.

"असलं तरी बोलू नकोस बाबा! उस्तादांच्या आधी चव सांगायची नाही, एवढं आम्हालाही कळतं." सगळे खळखळून हसले.

उस्ताद हसले नाहीत. उघड्या दारावरून ते हिसानागाकडे बघत होते. वाट बघत होते.

"सांभाळून जा, उस्ताद," हिसानागा म्हणाला.

ते तर रोज कोणीही कोणालाही म्हणतं. उस्तादांनी मान डोलावली आणि दार लावून घेतलं. ऊन आहे, वितळेल तोवर, असं हिसानागा मनाशी म्हणत राहिला.

सहा सिलिंडरचा तो गोड आवाज झाडांमागून चढत गेला. देवदारांपाशी तो क्षणभर उतरायला हवा होता. हिसानागा कान देऊन उभा होता. आवाज उतरला नाही. मग तो एकदम थांबला, आणि झाडांतून कावळे उडाले.

उस्तादांच्या शेवटच्या दर्शनाला साहेब येईल त्याला सांगत होते, "पाय उचलला नाही हो शेवटपर्यंत! असा माणूस होणे नाही." लोक डोळे पुसत होते. हिसानागानं आणि चिनात्सुनं उदबत्ती लावली, तसं कियोएकाकूंनी दोघांना आतल्या खोलीत बोलावलं.

"हातांचं मला माहीत होतं," त्या हळूच म्हणाल्या. "रोज भांडायचे मी, सोडा म्हणून. आदल्या रात्रीही भांडले. तर मलाच हसले. म्हणाले, वेडे, हिसानागा आहे ना. तो सांगितल्याशिवाय मला सोडतच नाही."

हिसानागानं नजर चटईवर खिळवली.

"एकच विचारते. राग मानू नका. त्या वळणावर तुम्हाला काही जाणवलं नव्हतं ना?"

चिनात्सु त्याच्याकडे बघत होती. त्या सकाळनंतर त्याच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

"नाही, काकू," तो म्हणाला. "काहीच जाणवलं नाही."

"जाणवलं असतं तर तुम्ही सांगितलंच असतं." कियोएकाकूंनी डोळे पुसले. "मग त्यांचं नशीबच, दुसरं काय. तुम्ही होतात म्हणून शेवटचे दिवस तरी मानानं गेले त्यांचे. फार उपकार झाले."

आणि दोन्ही हात चटईवर टेकून त्या त्याच्यापुढे वाकल्या. रीतीनं हिसानागाला त्यांच्याहून खाली वाकणं भाग होतं. तो वाकला, कपाळ चटईला टेकलं. कियोएकाकू उठून पाहुण्यांकडे गेल्या, चिनात्सुनं दोनदा हाक मारली, तरी त्याला डोकं वर उचलवेना.