टोपीखालचा दिवा

ग्यानबानं बायकांसाठी घंटी बसवली तेव्हा अख्ख्या हिंगोलीनं त्याला डोक्यावर घेतलं. हिंगोली ते कनेरगाव नाका अशी बंडोपंतांची मोटार तो हाकायचा. मागं बायकांचा कप्पा, पुढं बाप्ये, मधे पत्रा. परक्या बाप्याला बाईनं हाक मारू नये, हा आपल्याकडचा कायदा. मग वाटेत लेकराला ओकारी आली, किंवा तिला स्वतःलाच आडोशाला जायचं झालं, तर तिनं काय करावं? हे एकाही शहाण्यानं कधी विचारलं नव्हतं. ग्यानबानं विचारलं. कप्प्यात पितळी बटण ठोकलं, वायर फळ्यांखालून पुढं आणली, आपल्यासमोर घंटी लावली आणि शेजारी लाल दिवा. इंजिनाच्या घरघरीत घंटी ऐकू नाही आली तरी दिवा दिसावा.

"डोकं हाय रे तुला," बंडोपंत म्हणाले.

महिनाभरात तेच डोकं फिरलं. मोटार थांबली की बंद पडायची, बंद पडली की खाली उतरून हँडल मारायचं. खांदे निखळायचे. बाया तर दर कोसाला बटण दाबायच्या. मग त्यानं कोणाला न सांगता आपल्या बैठकीखाली दुसरा खटका बसवला. तो खाली ओढला की घंटी मुकी. दिव्याची वायर वेगळी होती, ती तोडायचाही त्याला कंटाळा. दिव्यावर तो टोपी अडकवायचा.

त्या दिवशी मागं रुक्माबाई बसली होती, ग्यानबाच्या धाकट्या भावाची, सोनाजीची बायको. पाच महिन्यांची गरवार, कनेरगावला माहेरी निघालेली.

"दादा, तुही मोटार हाय म्हणून धाडून राहिलो," सोनाजी म्हणाला होता. "न्हाई तर बैलगाडीच बरी."

"बिनघोर राह्य."

चैताचं ऊन. मोटार दोनदा बंद पडून झाली होती. निम्म्याहून जास्त वाट सरली आणि टोपीच्या कडेनं लाल उजेड आला. विझला. पुन्हा आला. ग्यानबाला तो दिसला. नीट ऐका, दिसला. नाका आता चारच मैल, तिथं सगळ्यांना उतरायचंच असतं, तेवढा दम धरावा की बाईनं, असं म्हणून त्यानं टोपी आणखी खाली दाबली. मग दिवा विझेचना. बोट दाबूनच धरलं होतं कोणीतरी. अन् एकदम विझला तो विझलाच.

'झालं, गप बसली,' ग्यानबाला हायसं वाटलं.

नाक्यावर निजामाची हद्द संपते. करोडगिरीचा शिपाई रामसिंग एकेक गाठोडं जकातीसाठी उलगडून पाही. रुक्माबाई सगळ्यांच्या मागून उतरली, पदर हनुवटीपर्यंत, कारण समोर भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. लुगडं कमरेखाली ओलं चिंब. कशानं ते कळू नये म्हणून त्यावर तिनं तांब्याभर पाणी ओतून घेतलं होतं.

रामसिंगनं काठी आडवी घातली. "ए बाई, ये गीला कायका है? तेल छुपाके लायी क्या? इधर आ."

बाप्ये फिदीफिदी हसले. ग्यानबा इंजिनाचं झाकण उघडून आत बघत बसला. आत बघण्यासारखं काही नव्हतं.

तिच्या शेजारी बसून आलेली म्हातारी जिवनबाई मधे पडली. "पाणी हाय रे मुडद्या! तांब्या लवंडला. हुंगून पाह्यतो का?"

रामसिंग वरमून दुसऱ्या गाठोड्याकडं वळला. म्हातारी ग्यानबाकडं आली अन् आवाज दाबून बोलली, तो आवाज जास्तच लागला.

"तुही घंटी मेली काय रे? पोरीचं बोट सोलून निघालं बटण दाबून. मी हाक मारते म्हणलं तर हात धरून बसली माहा. म्हणे, भासरे हायेत, वरडू नका. दिवा दिसंल त्यायला."

ग्यानबा खरा एक शब्द बोलला असता तर पुरे होता. तो जिभेवर आलाही होता.

"वायर तुटली असंल," ग्यानबा म्हणाला.

रुक्माबाई पाठमोरी उभी होती. तसंच म्हातारीला म्हणाली, "मावशी, त्यायला म्हणा, तेवढी जोडून घ्या. दुसऱ्या बाईवर अशी येळ नगं." आणि ऊन तुडवत गावाकडं चालू लागली.

ग्यानबानं बैठकीखाली हात घालून खटका उपटला, खिशात टाकला, वायरीची टोकं पिळून जोडली. जिवनबाईनं मागून बटण दाबलं. घंटी खणखणली.

"पाच मिन्टात जोडली की!" बाप्यांनी वाहवा केली. एकानं बिडी पुढं केली. ग्यानबानं ती घेतली. ओढलीसुद्धा.

दिवस मावळायला परतला तर ओट्यावर सोनाजी.

"नीट पोचली ना?"

"पोचली."

"काई तकलीफ?"

ग्यानबाचा हात खिशात होता. अंगठ्याखाली खटका खालीवर होत होता.

"मोटार असली म्हणजे बाईमाणसाला बरं," सोनाजी म्हणाला. मग कान देऊन थांबला. "काय वाजून राहिलं रे दादा, खटखट?"

"काई न्हाई," ग्यानबा म्हणाला.