अकरा पिवळे दिवस

तेजल मॅडम मुंबईहून दातिवऱ्याला आल्या त्या गाडीभर रंग घेऊन. कोरोना जाऊन चार वर्षं लोटली, रडणारे रडून मोकळे झाले, पण मॅडमच्या डिझाइन कॉलेजला निधी आत्ता कुठे मिळाला होता. आजारपणात एकट्या पडलेल्या माणसाच्या मनात काय काय झालं, त्याचा नकाशा काढायचा होता. नाश्ता आहे म्हटल्यावर समाजमंदिरात पंधरा-वीस बाया जमल्या.

प्रत्येकीला चौदा चौकटींचा कागद आणि त्यावर चिकटवायला रंगीत टिकल्या मिळाल्या. एक चौकट म्हणजे एक दिवस. निळी टिकली दुःखाची, लाल रागाची, पिवळी आनंदाची.

"पिवळी फारशी लागणार नाही म्हणा," मॅडम म्हणाल्या. "पण रंगसंगतीला बरी."

रत्नाबाई कागद पुढ्यात घेऊन बसली. दुसऱ्या लाटेत तिला बोईसरच्या एका वसतिगृहात चौदा दिवस विलगीकरणात ठेवलं होतं. तिचा नवरा शांताराम, मच्छीमार सोसायटीचा चेअरमन, दाराशी खुर्ची टाकून बसला होता. बायको तिथे रडून रडून अर्धी झाली, सारखं माझंच नाव घेत होती, हे पुराण त्याने चार वर्षं गावाला ऐकवलं होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिलाही नाही.

खरं काय ते तिलाच ठाऊक. पहिले दोन दिवस ती घाबरली, रडली. तिसऱ्या दिवशी जाग आली तर उन्हं वर आलेली. पहाटे तीनला उठून बंदरावर धावायचं नाही, बोंबील वाळत घालायचे नाहीत, पाटी डोक्यावर घेऊन दारोदार ओरडायचं नाही. कुणीतरी चहा हातात आणून दिला. लग्नाला तीस वर्षं झाली होती, बाईच्या हातात आयता चहा पहिल्यांदा पडला. मेली लाज वाटली तिला, पण सुख काय असतं ते कळलं.

आता ते कागदावर लावलं तर नवऱ्याचं नाक भर समाजमंदिरात कापलं जाणार. खोटं लावलं, तर आयुष्यात स्वतःचे म्हणून मिळालेले तेवढे दिवसही हातचे जाणार. रत्नाबाईने पदर खोचला. पहिल्या दोन चौकटींत निळ्या टिकल्या, पुढच्या अकरांत पिवळ्या, आणि घरी सोडलं त्या चौदाव्या दिवशी परत निळी.

मॅडमनी कागद उचलला आणि जीव हळहळला त्यांचा. "रत्नाताई, तुमचं उलटं झालंय. होतं असं, घाबरू नका." त्या नखाने पिवळ्या टिकल्या खरवडू लागल्या. शेजारच्या बाया मान वाकडी करून बघू लागल्या.

"हात नका लावू," रत्नाबाई म्हणाली. "बरोबर हाय ते."

"अहो, पिवळा म्हणजे आनंद. तुम्ही तर एकट्या होतात."

"म्हणूनच तर."

मॅडमचं नख तिथेच थांबलं. इतकी दूर त्या दुःख शोधत आल्या होत्या, तर इथे बाई सुख घेऊन बसलेली! आता अहवालात हिला कुठल्या रकान्यात कोंबायची? "आपण हा अपवाद धरू," त्या पुटपुटल्या.

शांताराम मात्र खुर्चीतून उठला. जवळ येऊन त्याने कागदावर बोट ठेवलं, नेमकं चौदाव्या चौकटीवर. "ही निळी कसली? हा तर घरी यायचा दिवस."

"व्हय."

त्याचा चेहरा उतरला. तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण टिकली तिने काढली नाही.

"येवढं सुख होतं तर आलीस कशाला परत?" तो म्हणाला. आवाज चेअरमनचा लावायला गेला, पण लागला नाही.

"मी डाक्टरला इचारलं होतं, अजून चार दिस ठेवता का म्हणून," रत्नाबाई शांतपणे म्हणाली. "तो म्हणला, मावशी, खाट दुसऱ्याला लागते. मग आले."