चार बोटं खाली

मित्रांनो, मी एक जुनी घरगुती गाडी आहे. चार दारांची, पाच माणसं आणि त्यांचा पसारा पोटात घेणारी. नवी होते तेव्हा माझ्या रंगात माणसाला आपला चेहरा दिसे.

माझे पहिले मालक शाळेत गणित शिकवत. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणते. त्यांच्या पत्नीचे, म्हणजे आईंचे, गुडघे धरलेले. फुटपाथवरून बसायचं तर सीट फार खाली पडे. म्हणून बाबा मला हातभर लांब, रस्त्यातच थांबवत. आई आधी रस्त्यावर उतरत, मग दोन उशांच्या सीटवर टेकत. मागचे हॉर्न वाजवत. बाबा हात जोडून म्हणत, "वाजवा, वाजवा! आमची मंडळी बसतायत." देव पाय देतो आणि पाय थकले की गाडी देतो, असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला, आईंच्या थोरल्या, अंथरुणाला खिळलेल्या बहिणीकडे जात असू.

बाबा गेले. "गाडीला लावा," म्हणून थोडे पैसे ठेवून गेले.

गॅरेजवाल्याने वाकून मला पाहिलं. "पैसे एकाच कामाला पुरतील. सीट चार बोटं वर घेऊन दाराबाहेर फिरणारी करू. नाहीतर स्प्रिंगा बदलून गाडीच चार बोटं खाली घेऊ, रुंद चाकं घालू. बोला."

"सीटच," लेक म्हणाली. "आईला मावशीकडे जायचं असतं."

"ताई, ऑफिसात हिला डबडं म्हणतात!" धाकटा भाऊ उसळला. "जुनी झाली म्हणून नटूच नये का?"

"हो, गाडीला नटव आणि आईला घरी बसव!"

आई हसल्या. "भांडू नका रे. त्याच्या मनासारखं होऊ दे. मी अशी कितीशी बसणार?"

देवाने मला जीभ दिली नाही.

मी नटले. पोरंटोरं माझ्याजवळ उभी राहून फोटो काढू लागली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

मग एका दुपारी फोन आला. मावशींना धाप लागली होती, त्या बहिणीला हाका मारत होत्या. मुलाने मला हातभर लांब उभं केलं. तेवढं तो विसरला नव्हता. आई वाकल्या, गुडघा वाकेना. आणखी उशा चढवल्या, तर डोकं चौकटीत अडलं. "आई, अजून थोडंसंच," तो घाम पुसत म्हणत होता. तिसऱ्यांदा त्या माझं दार धरून नुसत्या उभ्या राहिल्या. लेकीने भाड्याची उंच गाडी बोलावली. ती येण्याआधी दुसरा फोन आला.

आईंनी माझं दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

आता मी फाटकाआड उभी असते. मुलगा मला चालवत नाही, विकतही नाही. परवा तो म्हणाला, "आई, हिला पुन्हा चार बोटं वर घेतो."

"घे हो," आई म्हणाल्या. "पण आता जायचं कुणाकडे?"

मित्रांनो, जुन्या गाडीवर खर्च जरूर करा. पण आधी घरात सर्वांत हळू चालणाऱ्या माणसासाठी तिचं दार उघडा, आणि ते कसं बसतं ते उभं राहून बघा. माझं दार अजून उघडतं. दोन उशाही जागच्या जागी आहेत.