चपट्या माशाची परीक्षा

बंदरावर जाळी विणणाऱ्याला सगळे 'इंचपट्टी' म्हणत. पाहुणा म्हणून गेला तरी आधी दाराची रुंदी मोजेल, असा माणूस. ट्रॉलरच्या जाळ्याला मागे लावायची नवी थैली त्यानेच काढली होती. चौकोनी भोकांची, कितीही ओढली तरी भोकं न मिटणारी. पिल्लं निसटतात, मोठे मासे तेवढे राहतात, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं आणि त्याच्या शब्दाखातर सगळ्या बोटींनी ती लावली.

खरी गोष्ट अशी, की थैली देण्याआधी त्याने टेबलावर परीक्षा घेतली होती. निमुळत्या माशांची पिल्लं भोकातून सुळकन गेली. चपट्या माशाचं पिल्लू मात्र अडलं. लांबीला तेवढंच, पण अंगाने रुंद. बाहेर बोटवाल्यांची घाई चाललेली. इंचपट्टीने पिल्लू जरा तिरकं केलं, मागून बोटाने ढकललं आणि वहीत 'गेलं' असं लिहून टाकलं. समुद्रात माशाला मागून ढकलायला कोण बसलंय, हा प्रश्न त्याला त्याच संध्याकाळी पडला. तो त्याने गिळला.

पिल्लंच थैलीत अडकत राहिल्याने तीन वर्षांत चपटे मासे दिसेनासे झाले. त्याची थोरली बहीण तेच विकायची आणि तिचा नवरा छोट्या होडीतून ते धरून आणायचा. आज भावोजींनी होडी विकायला काढल्याचं इंचपट्टीच्या कानावर आलं. पुढच्या थैल्यांची भोकं गुपचूप बदलली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. तसा मोह झालाही, आणि त्या मोहाचीच त्याला जास्त लाज वाटली. त्याने तडक बहिणीचं घर गाठलं.

ताई रिकामी टोपली धूत होती. भावोजी दारातच बसले होते.

"ताई, तुमचे मासे माझ्यामुळे गेले," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं, बोटाने ढकलल्यासकट. "आता इथून बोटवाल्यांकडेच जातोय. त्यांनाही सांगतो."

ताईचे हात थांबले. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

आता ती आपली खरडपट्टी काढणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. पण ती नवऱ्याकडे बघत होती.

"तीन वर्षं मी यांना आळशी म्हणतेय रे," ती म्हणाली. "मासा कुठे असतो तेसुद्धा यांना कळत नाही, असं मीच म्हणाले. चारचौघांत म्हणाले."

भावोजींनी घसा खाकरला.

"मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं," ते म्हणाले.