पंधरा मिनिटं बघायचं, पाच मिनिटं थांबायचं

टपाल खात्यात पस्तीस वर्षं पत्रं लावणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर एका फुलासमोर बसवायचं, हे त्याच्या ताईशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. ताई वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक. खाणीमागच्या उतारावरच्या निळ्या रानफुलापायी तिने उभा जन्म घातला. लग्नही केलं नाही. फुलाने विचारलं असतं तर केलं असतं, असं धाकटा भाऊ तिच्या माघारी म्हणायचा.

ते फूल दुसरीकडे कुठेही उगवत नव्हतं, आणि इथेही एकतीसच झाडं उरली होती. दोन वर्षं त्यांना बी धरलं नव्हतं. त्यासाठी एका जातीच्या रानमाशीने फुलावर बसायला हवं, आणि ती बया बसत नव्हती. यंदाही बसली नाही, तर वनस्पती-संशोधन संस्थेची माणसं सोमवारी सगळी झाडं उपटून काचघरात नेणार होती. काचघरात ती महिनाभरसुद्धा टिकणार नाहीत, हे ताई ओरडून सांगत होती आणि कुणी ऐकत नव्हतं.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे ती घरी पाय लांब करून पडली होती. भावावर राज्य करायला गुडघा लागत नाही.

"पंधरा मिनिटं बघायचं, पाच मिनिटं थांबायचं. जागा सोडायची नाही. जागा हलली की नोंदी जुळत नाहीत."

जागा म्हणजे दोन वर्षांपूर्वी गुडघा कुरकुरायला लागल्यावर तिने अंथरलेली ताडपत्री आणि त्यावर घडीची खुर्ची. त्याआधी ती उभ्यानेच बघायची. भाऊ तिथे नऊ दिवस ठाण मांडून बसला. वहीत शून्य, शून्य आणि शून्य. इतका बिनकामाचा तो खात्यातही बसला नव्हता, आणि खात्यात तो बराच बसला होता.

माशा येत नव्हत्या असं नाही. यायच्या, पण फुलाकडे ढुंकूनही न बघता त्याच्या पायांशी घोटाळायच्या. त्याने इमानाने तेही लिहिलं आणि संध्याकाळी फोनवर वाचून दाखवलं.

"माशी आली. चपलेभोवती तीन चकरा मारल्या. गेली."

"बंड्या, आपल्याला चपलेला बी धरवायचंय का?"

"झालं ते लिहिलं. पण ताई, या राहतात कुठे?"

"असेल पोळं कुठेतरी कड्यावर. माशा माझा विषय नाही."

त्याच्यातला टपालवाला उखडला. फुलाची शीर न् शीर पाठ, आणि त्याच्याकडे येणाऱ्या पाहुणीचा पत्ताच नाही! पण ताईला उलटून बोलायची त्याची टाप नव्हती. साठी उलटली तरी नव्हती.

रविवारी, शेवटच्या दिवशी, ऊन असं तापलं की शिस्त गेली खड्ड्यात. त्याने खुर्ची बाजूला केली आणि डोक्यावर धरायला ताडपत्री ओढली. खालची जमीन बघून तो थिजलाच. पेन्सिल जाईल एवढी भोकं, पन्नासेक तरी. कसलं पोळं आणि कसला कडा! प्रत्येकीचं जमिनीत वेगळं घर होतं, आणि त्या घरांवर प्राध्यापकबाई दोन वर्षं आणि तो नऊ दिवस बूड टेकून बसले होते. कडेकडेने वाट काढून ज्या काही जगल्या होत्या, त्या त्याच्या पायांशी आपलं दार शोधत होत्या.

तो लांब जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने एक माशी भोकात शिरली, मग दुसरी. घर मिळाल्यावर घरात भरायला पराग हवा, म्हणून एक बाहेर पडली आणि सरळ निळ्या फुलात घुसली.

त्याला आधी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जन्मात पहिल्यांदा ताई चुकली होती! मग हे तिलाच सांगायचंय हे लक्षात आलं. त्याने फोन लावला.

"ताई, माझी चूक झाली. मी ताडपत्री भलत्याच जागी टाकली."

"तू कुठे टाकलीस? ताडपत्री मी टाकली. काय झालं?"

मग त्याने सगळं सांगितलं. चार शिव्या येणार म्हणून फोन कानापासून जरा लांब धरला.

"फुलावर किती बसल्या?" तिने विचारलं.

"चार. ही पाचवी."

ती रडायला लागली. ताईला रडता येतं हे त्याला माहीतच नव्हतं. तो मोजत राहिला. सहा. सात.

"वही घे," नाक पुसून ती म्हणाली. "लिही. दोन वर्षं बी न धरण्याचं कारण : निरीक्षकाने माशांच्या घरांवर बैठक मारली होती."

"निरीक्षक म्हणून माझं नाव घालतो."

"गाढवा, नऊ दिवसांची दोन वर्षं होतात का? माझं नाव लिही. पदव्यांसकट लिही. आणि उद्या संस्थेची माणसं आली की तेच पान त्यांच्या हातात दे. दुसऱ्या कशाने ती परत जाणार नाहीत."

त्याने खालची जमीन नीट बघून बसकण मारली, मांडीवर वही ठेवली आणि ताईचं पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं.